एका डोळ्याचा लूक

मस्करम १८

संत लूकला आज चित्रात नाक आलं. सरळ, लांब, टोकाला जरा खाली वळलेलं—आणि एकाच बाजूने दिसणारं! काल मस्कलची, क्रूसाच्या सणाची, होळी झाली. गावाला सातूचा तल्ला पिऊन जास्त झालाय, अजून कोणी धड डोळे उघडलेले नाहीत. मी मात्र उजाडताच पटाशी येऊन बसलो.

इथे लिहून ठेवतो, कारण कोणाला सांगितलं तर बढाई वाटेल. (आहेच ती बढाई.) गोजामपासून गोंदरपर्यंत कुठल्याही देवळात जा, ख्रिस्ताची कथा लिहिणारे चारही शुभवर्तमानकार आपल्याकडे तोंड करून बसलेले. हातात बोरू, मांडीवर चामड्याचं पान, आणि डोळे? दोन्ही डोळे, हे एवढाले, समोर उभं राहणाऱ्यावर. अरे, लिहिणारा माणूस पानाकडे बघेल की आल्यागेल्याकडे? माझा लूक खरोखर लिहितोय. बाजूने दिसतो. मान खाली, नजर बोरूच्या टोकावर. पायाशी त्याचा बैल बसलाय, तोसुद्धा पानाकडेच बघतोय. हे मला कोणी शिकवलं नाही, मी कुठे पाहिलं नाही. सुचलं.

गुरुजी असते तर काठी घेऊन मागे लागले असते. त्यांचा नियम—त्यांचा कसला, सगळ्यांचाच—चांगल्या माणसाला दोन डोळे, वाईटाला एक. ख्रिस्ताला दगा देणारा यहूदा, सैतान, ख्रिस्ताला खिळे ठोकणारे शिपाई, हे सगळे बाजूने काढायचे. "संताचे दोन्ही डोळे आपल्यावर हवेत रे. नाहीतर मागणारा त्याला दिसणार कसा?" मला पाठ आहे सगळं. मी स्वतः इतके एकडोळे शिपाई काढलेत की त्यांची पलटण उभी राहील. पण तो नियम शिपायांसाठी ठीक. लूक स्वतः चितारी होता. मरियमेचं पहिलं चित्र त्याच्या हातचं. आमच्या धंद्याचा तो मूळपुरुष. त्याला कळेल.

त्रुवर्क कॉफी घेऊन आली. पटासमोर उभी राहिली.

"काढलास म्हणजे तसाच," म्हणाली.

"तसाच म्हणजे?"

"म्हणजे असाच." मग जाता जाता, "लावायच्या आधी देवळातल्या अबांना एकदा दाखवून घे."

बायकोला कलेतलं काय कळतं, असं मी म्हणणार होतो. म्हटलं नाही. कॉफी चांगली होती.

मस्करम २१

मरियमेचा दिवस. देवळाच्या आवारात वैझेरो लाकेच—लाकेचबाई—भेटल्या. पट त्यांचाच, म्हणजे नवस त्यांचा. लहानपणी देवीच्या साथीत एक डोळा गेला. गेल्या उन्हाळ्यात उरलेलाही चिकटला, त्यात पू झाला. पट्टी बांधून किती दिवस पडून होत्या. लूक वैद्य. त्यालाच साकडं घातलं—एवढा एक ठेव, देवळात तुझा नवा पट लावीन. गाभाऱ्याच्या दाराभोवतीचे मत्तय, मार्क आणि योहान गुरुजींच्या हातचे, अजून जसेच्या तसे आहेत. लूकचा तेवढा गळक्या छपराने खाल्ला.

डोळा राहिला. बाई विधवा, तल्ला गाळून विकते. मूलबाळ नाही. पटाखाली तिचं नाव लिहिलं जाईल आणि दरवर्षी लूकच्या सणाला अबा ते नाव घेऊन प्रार्थना करतील. मेल्यावर नाव घेणारं दुसरं कोणी नाही म्हणून तिला ते हवंय. बाकी काही मागणं नाही तिचं.

"लिहितोय का नीट?" त्यांनी विचारलं.

"अगदी मान मोडून."

हसल्या. मी त्यांच्याशी बोलतो ते कपाळावरच्या गोंदणाकडे बघून. रिकाम्या खोबणीकडे बघवत नाही, आणि मग दुसऱ्या डोळ्याकडेही बघितलं जात नाही. गावात कोणीच बघत नाही. दृष्ट लागते, अशी कुजबुज आहे. मी असलं मानत नाही. तरी बघत नाही.

मस्करम २९

पट झाला. सुंदर झालाय. दुसऱ्या कोणी काढला असता तर मी जळलो असतो. अबांना दाखवायचा राहिलाच—म्हणजे राहू दिला. सगळ्यांनी एकदमच बघावा.

तकेमत ३

लिहू की नको. लिहितो.

आज पट देवळात उघडला. लूकच्या सणाआधी गावाने बघून घ्यायचा, अबांनी पाणी शिंपडायचं, सणाला भिंतीवर चिकटवायचा, अशी रीत. सगळे होते. पुरुष एका बाजूला, बाया दुसऱ्या. अबा वोल्दे-किरोसनी गुंडाळी सोडली. आधी निळी पार्श्वभूमी दिसली, मग पिवळी प्रभावळ, आणि बायांनी जिभा हलवून आनंदाचा इलल्ल सुरू केला. मग चेहरा आला. इलल्ल मध्येच थांबला. मध्येच थांबलेला इलल्ल मी जन्मात ऐकला नव्हता.

"हा तर यहूदा," कोणीतरी म्हणालं.

आणि मागून बेलाय—ज्याला कुठेही गप्प बसवत नाही तो बेलाय—"यहूदा कसला, ही तर आपली लाकेच! डोळे मोजा की."

हशा पिकला. देवळात!

खरं सांगतो, मला हे दिसलंच नव्हतं. एका डोळ्याच्या बाईने उरलेल्या डोळ्यासाठी बोललेला नवस, आणि त्यावर मी काढून दिला एका डोळ्याचा संत. इतके दिवस नाकाच्या टोकाचं कौतुक करत बसलो, आणि नाकासमोरचं दिसलं नाही.

अबा ओरडत नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. हळूच म्हणाले, "अयेलिग्न, हे असं का रे?"

उत्तर तयार होतं माझ्याकडे. लिहिणारा पानाकडे बघतो. लूक चितारी होता. कितीदा तरी मनात घोळवलेलं भाषण! तोंड उघडलं आणि बाहेर आलं ते हे—

"वैझेरो लाकेचनी असाच काढायला सांगितला होता."

कुठून आलं माहीत नाही. ओठातून बाहेर पडेपर्यंत मला स्वतःला ठाऊक नव्हतं की मी हे बोलणार आहे.

अबा बायांच्या बाजूला वळले. "लाकेच, खरं का हे?"

शेजारच्या बाया मागे सरकल्या. लाकेच एकट्या उभ्या राहिल्या. माझ्याकडे बघितलं. मग पटाकडे, बराच वेळ. मग म्हणाल्या, "हो. मीच सांगितलं."

आवाज जराही हलला नाही. माझं खोटं त्या बाईने डोक्यावरून पदर घ्यावा इतक्या सहज घेतलं.

अबांनी निकाल दिला. चेहरा पुन्हा काढायचा, दोन डोळ्यांचा, सणाच्या आत. स्वतःच्या रूपाचा संत मागणं हा गर्व. म्हणून लाकेचने लूकच्या सणाला मानेवर दगड घेऊन यावं, गावाची माफी मागावी. तोवर देवळाच्या कुंपणाबाहेर. आणि पटाखाली नाव लिहायचं नाही.

नाव लिहायचं नाही. मी तिथेच उभा होतो. हातातली दोरी गुंडाळत होतो.

तकेमत ४

त्रुवर्कने आज माझं ताट वेगळं वाढलं. लग्न झाल्यापासून एका ताटात जेवलोय आम्ही. आज माझी इंजेऱ्याची भाकरी माझ्यापुढे, तिची तिच्यापुढे, मध्ये हातभर जमीन.

"काय झालं?" मी विचारलं. (हे विचारायचीही हिंमत बघा.)

"तिच्यावर ढकललंस."

म्हणजे तिला कळलंय. बायांच्या बाजूला तीही उभी होती.

तकेमत ७

लाकेचच्या दारातल्या काठीवरचा डबा उतरला. काठीवर उपडा डबा म्हणजे आत तल्ला आहे, या. आज नुसती काठी उभी होती.

बेलाय म्हणे सगळ्यांना सांगत फिरतोय, "तिथे पिऊन एक डोळा जायचा." हा माणूस परवापरवापर्यंत तिच्याकडे उधारीवर प्यायचा. आणि पाणवठ्याच्या वाटेवर ती दिसली की बाया पोरांना शालीखाली झाकून घेतात. आधीही झाकायच्या, पण चोरून. आता उघडपणे झाकतात. आता अबांनी निकाल दिलाय ना.

मला मात्र सगळे जपतात! "बिचाऱ्या अयेलिग्नने तरी काय करावं, दात्याने सांगितलं तसं काढलं." परवा एकाने अंडी आणून दिली. अंडी! ती मी घेतली.

तकेमत ८

आपण इतके भित्रे आहोत हे माणसाला इतक्या उशिरा का कळावं?

तकेमत १२

मत्तयचा दिवस. अबांकडे पापं कबूल करायला गेलो. तेच माझे आत्म्याचे पिता. ज्यांच्यासमोर खोटं बोललो त्यांच्याच समोर ते खोटं सांगायचं, यातून पळवाट नाही. रस्ताभर वाक्य घोकत गेलो. अबा, मी त्या दिवशी खोटं बोललो. सोपं वाक्य आहे. लहान मूलही म्हणेल.

गुडघे टेकले. अबांनी क्रूस कपाळाला लावला. "बोल, बाळा."

आणि मी सांगितलं की बुधवारच्या उपासाला मी लोणी खाल्लं.

"किती?"

"थोडंसं. बोटाला लागलेलं."

त्यांनी चार साष्टांग नमस्कार सांगितले आणि पाठीवर हात फिरवला. "तू फार हळव्या मनाचा आहेस," म्हणाले. मला तिथेच जमीन फाटून गिळेल तर बरं असं झालं. लोणी मी खाल्लंही नव्हतं! म्हणजे कबुलीजबाबातसुद्धा खोटंच.

तकेमत १४

लूकचा चेहरा. आधी वाटलं, नाक तसंच ठेवून दुसरा डोळा बसवता येईल. बसवला. डोळा गालावर आला. लूक असा दिसायला लागला की कोणीतरी त्याला थोबाडीत मारलीय आणि डोळा सरकलाय. मी एकटाच हसलो, आणि मग हसू येईना.

मग सगळंच खरवडलं. ओलं फडकं लावून रंग मऊ करायचा आणि सुरीची बोथट बाजू फिरवायची. नाक गेलं. खाली वळलेली मान गेली. पापणी सगळ्यात शेवटी गेली. ती चांगली साधली होती. आता प्रभावळीत नुसती पांढरी जागा आहे.

त्या जागी गुरुजींच्या मत्तयसारखा चेहरा काढेन. समोरून. तो मी झोपेतही काढू शकतो, आणि तसाच निघेल.

तकेमत १६

आज लाकेचकडे गेलो.

दिवसाढवळ्या गेलो, एवढं माझ्या बाजूने लिहून ठेवतो. दार उघडंच होतं. आत तल्ल्याची मडकी ओळीने, सगळी भरलेली, आंबूस वास. त्या चुलीशी बसून भाजलेले सातू निवडत होत्या. कोणासाठी निवडत होत्या कोण जाणे.

"ये. बस. पी," म्हणाल्या. "कोणी येत नाही, नुसतं आंबट होत चाललंय. तू तरी संपव."

मी बसलो. प्यायलो. सगळं पाठ करून गेलो होतो, त्यातलं निघालं फक्त, "वैझेरो, तुम्ही त्या दिवशी हो का म्हणालात?"

"विचारलं म्हणून."

"नाही म्हणता आलं असतं तुम्हाला."

"का म्हणू? देवळात उभी राहून खोटं बोलू?"

कसला टोमणा! तोही न हसता, सातू निवडत. मी जमिनीकडे बघत राहिलो.

"तू घाबरलास," त्या म्हणाल्या. "दिसलं मला. एवढे लोक एकदम तुझ्याकडे बघायला लागले, सवय नाही तुला. मला आहे."

"मला माफ करा."

"चित्र तुझ्या हातचं आणि नाव पुढे केलंस माझं. पुरुषांची रीतच आहे. जाऊ दे." सातूतला खडा काढून चुलीत टाकला. "खरवडलास म्हणे त्याला?"

"हो."

"सगळा?"

"चेहरा सगळा."

मग म्हणाल्या, "चांगला होता रे."

मी ज्या बाईला गावातून उठवलं, ती माझ्या चित्राचं दुःख करत होती! माझं सांत्वन करत होती! ते ऐकवेना. मी वर बघितलं. पहिल्यांदाच नीट बघितलं त्यांच्याकडे. डोळा मोठा आहे, तपकिरी, कडेला अजून लाल. रडत नव्हत्या. वाट बघत होत्या, मी आणखी काही बोलतोय का याची. पेला खाली ठेवून निघून आलो.

दारात म्हणाल्या, "नाव लिहिणार नाहीत म्हणे." मी मान हलवली. "लिहिलं असतं तर बरं होतं," म्हणाल्या. मी मेल्यासारखा चालत घरी आलो.

तकेमत १७

दोन डोळे काढले. समोरून बघतात. कुठेही बसलो तरी माझ्यावरच. पट भिंतीकडे तोंड करून ठेवलाय.

तकेमत २०

ठरवलं. सणाला मानेवर दगड घेऊन मी जाणार. अबांना एकट्यात सांगणं मला जमणार नाही, ते लोण्यावरून कळलंच. सगळ्यांसमोर दगड उचलला की मग मागे फिरता येत नाही. दगड कशासाठी आणला, ते सांगावंच लागतं.

देवळाची उत्तरेची अख्खी भिंत रंगवायला मलाच मिळणार, असं अबा परवा म्हणत होते. ती आता जाईल. खोटारड्या चिताऱ्याकडून संत कोण काढून घेतं? जाऊ दे. असं लिहितोय खरा, पण त्या भिंतीची रेखाटनं सकाळपासून चारदा काढून बघितली.

त्रुवर्कला सांगितलं. ती तव्यावर इंजेरा घालत होती. म्हणाली, "काढलंस तू आणि दगड तिच्या मानेवर. उचल बाबा, उचल." पण संध्याकाळी माझ्या ताटात स्वतःच्या हाताने आमटी वाढली. ताट अजून वेगळंच.

तकेमत २२

लूकचा सण. आज झालं. सगळं झालं!

ओढ्यातला चपटा दगड घेतला. मानेवर ठेवला की माणूस आपोआप वाकतो, समोरचं काही दिसत नाही, फक्त लोकांचे पाय. पायांची गर्दी बाजूला होत गेली. कोणीतरी म्हणालं, "अरे, हा का? ती कुठाय?" कुंपणाच्या फाटकाबाहेर लाकेच उभ्या होत्या, त्यांच्या मानेवरही दगड असणार. त्यांच्या पायांवरून ओळखलं मी. थांबलो नाही.

अबांसमोर गुडघे टेकले आणि एका दमात बोललो. "मी खोटं बोललो. वैझेरो लाकेचनी मला काही सांगितलं नव्हतं. एका डोळ्याचा लूक माझ्या डोक्यातून निघाला, माझ्या गर्वातून. लोक हसले तेव्हा मी घाबरलो आणि त्यांच्यावर टाकलं. त्यांचं काही पाप नाही. असेल ते माझं."

मग मानेवरचं ओझं गेलं. अबांनी स्वतः दगड उतरवला होता. म्हातारे रडत होते. "ज्याने हे सगळ्यांसमोर सांगितलं," म्हणाले, "त्याच्याच हातून आमचे संत काढून घेऊ." बेलायसुद्धा नाक ओढत होता.

लाकेचना आत आणलं. दगड दोन बायांनी उतरवला—त्याच, ज्या पोरांना झाकायच्या.

"लाकेच," अबा म्हणाले, "तुझ्यावर आलेलं किटाळ गेलं."

"कसलं किटाळ?" त्या म्हणाल्या. "मी सांगितलं होतं ना त्याला."

लोक हसले. पण कसं हसले! मायेने. "बघा, अजून त्याला वाचवतेय!"

"वाचवत नाही बाबांनो, खरंच मीच—" आणि इलल्ल उठला. आज तो मध्ये थांबला नाही. त्यांचे ओठ हलत होते, शब्द कोणाला ऐकू येत नव्हते. मला तर रडू आवरेना. इतकं झाल्यावरही ती बाई माझी लाज राखायला बघत होती!

पट भिंतीवर चढला. खळ लावून, कडा दाबून. बायांनी त्यांना हाताला धरून पुढे आणलं. त्या समोर उभ्या राहिल्या. लूक त्यांच्याकडे बघत होता, दोन्ही डोळ्यांनी.

"हा कोण?" त्या म्हणाल्या.

पुन्हा हशा. अबा मला म्हणाले, "आता नाव लिही. सगळ्यांसमोर." मी लाल रंग घेतला. खाली वाकलो. त्या माझ्या अगदी शेजारी होत्या. हळूच म्हणाल्या, "नको लिहूस."

"वैझेरो, एवढं तरी फेडू द्या मला," मी म्हटलं. आणि लिहिलं. अक्षर छान आलं.

दुपारी त्यांच्या दारातल्या काठीवर डबा चढला. स्वतः त्यांनी नाही, बेलायने चढवला. सगळं गाव तिकडे लोटलंय, इथपर्यंत गाणी ऐकू येतात. मी गेलो नाही. आज मला माझंच बरं वाटून घ्यायचंय. इतक्या दिवसांनी छाती हलकी झाली.

त्रुवर्कला म्हटलं, आज एका ताटात बसू. ती माझ्याकडे बघतच राहिली. "तू तिथे असं का बोललास?" म्हणाली.

"खरं बोललो."

ती उठून बाहेर गेली. अजून आली नाही.

तकेमत २३

त्रुवर्क आज सकाळी बोलली. पावसाळ्यात मी दाराशी बसून निळा रंग घोटत होतो, तेव्हा लाकेच पट सांगायला आल्या होत्या. त्रुवर्क आत कॉफी भाजत होती, तिने शब्दन् शब्द ऐकला. लाकेच म्हणाल्या, "लूकला माझ्याकडे बघायला लावू नकोस. बघणारे पुष्कळ झाले. त्याला आपलं लिहीत बसू दे, मी बघेन त्याला. एवढ्यासाठी तर डोळा मागून घेतला."

"मी काय म्हटलं?"

"हो हो म्हणालास. मान वर केली नाहीस."

म्हणजे मला सुचलं नव्हतं, मी ऐकलं होतं. खोटं बोललो ते काल, मानेवर दगड घेऊन. तिचा लूक मी सुरीने काढून टाकला, आणि जो तिला नको होता त्याच्याखाली तिचं नाव लिहून आलो.